सोपोतला (पोलंड) चाललोय, 'कंपॅनियन' बुक करावी का? खरं काय ते सांगा

मुसाफिर_कोल्हापूर
मंडळी, नमस्कार. मी दोन वर्षं बर्लिनला नोकरीला आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार मित्र बाल्टिक किनाऱ्यावरच्या सोपोतला चार दिवस जातोय. एकाचं डिसेंबरात लग्न आहे, त्या निमित्ताने. बर्लिनहून ग्दान्स्कला थेट रेल्वे आणि तिथून लोकलने वीसेक मिनिटं, एवढं पाहून ठेवलंय.

विचारायला अवघड वाटतंय, पण विचारतो. ग्रुपमधल्या एकाने सोपोतची 'कंपॅनियन' सेवा शोधून काढलीय. साइटवर फोटो, तासाचा दर, वर 'परवानाधारक एजन्सी' असं ठळक लिहिलेलं. जेवायला आणि क्लबला मुलगी सोबत येणार, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा म्हणतात. अर्धे पैसे आधी हवेत, तेही गिफ्ट कार्डाने. मला हे पटत नाहीये, पण नुसतं 'नको' म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. हे कायद्यात बसतं का? फसवणूक असते का? आणि रात्री बसायला बऱ्या जागा कुठल्या?

बंदरवाला_दापोली
भाऊ, मी शेजारच्या ग्दिनिया बंदरात सहा वर्षं जहाजदुरुस्तीच्या कामात आहे. सोपोत माझ्या घरापासून लोकलने पंधरा मिनिटांवर. म्हणून सविस्तर लिहितो.

गिफ्ट कार्डाने आगाऊ पैसे मागितले की तिथेच विषय संपला. त्या फोटोतली मुलगी सोपोतमध्ये नसतेच. पैसे गेले की 'सुरक्षा ठेव' मागतात, मग 'विमा' मागतात. आमच्या जहाजावरच्या दोन पोरांचे असेच पैसे गेले.

दुसरा सापळा रस्त्यावरचा, आणि त्यात मी स्वतः अडकलोय. स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललात की 'मोंचाक' लागतो. पूर्ण नाव 'मोंते कासिनोचे वीर' मार्ग. गाड्यांना बंदी, समुद्रापर्यंत उतरत जाणारा, दोन्ही बाजूंना हॉटेलं. रात्री दहानंतर तिथे हातात छत्री घेतलेल्या मुली गोड बोलून क्लबचं आमंत्रण देतात. 'आत यायला फुकट, पहिलं ड्रिंक आमच्याकडून.' 2019 च्या ऑगस्टमध्ये मी आणि एक सहकारी आत गेलो. मुली शेजारी येऊन बसल्या, त्यांच्यासाठी ड्रिंक मागवा म्हणाल्या. वेटर कार्डाचं मशीन घेऊन आला, पण पडद्यावर अंगठा ठेवून. मी पिन टाकला. अर्ध्या तासात तीनदा टाकला. सकाळी बँकेचा मेसेज पाहिला तेव्हा पाय लटपटले, दीड महिन्याचा पगार गेला होता. सहकाऱ्याला तर एका ग्लासानंतरचं काहीच आठवत नव्हतं, आणि तो पिणारा माणूस आहे. ग्लासात काहीतरी घातलं होतं असं मला आजही वाटतं. पोलिसांत गेलो, त्यांनी तक्रार घेतली, पण 'पिन तुम्हीच टाकलात' या एका वाक्यावर बँकेने हात वर केले.

म्हणून एक नियम पाठ करा. पोलंडमध्ये 100 झ्लॉटीपर्यंत कार्ड नुसतं टेकवून चालतं, त्याहून जास्त रकमेला पिन लागतो. म्हणजे मशीनने पिन मागितला की रक्कम मोठी आहे असं धरायचं आणि आकडा वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही. मशीन 'रुपये, युरो की झ्लॉटी' विचारेल, कायम झ्लॉटीच दाबा. बिलाची छापील पावती, तिकडे 'परागोन' म्हणतात, मागून घ्या. रात्री बाहेर पडताना कमी शिल्लक असलेलं एकच कार्ड खिशात ठेवा.

छत्रीवाल्या क्लबांत जाऊ नका. बस.

मीरा_ग्दान्स्क
दादांनी पैशाचं सांगितलं, मी कायद्याचं आणि त्या मुलींचं सांगते. मी इथे दुभाषी आहे. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात भाषांतराला जाते.

पोलंडमध्ये स्वतः देहविक्री करणं गुन्हा नाही आणि प्रौढ ग्राहकावरही त्यासाठी खटला होत नाही. पण दुसऱ्याच्या देहविक्रीतून पैसे कमावणं, त्यासाठी कोणाला उद्युक्त करणं, त्याची सोय करून देणं हा दंडसंहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे. आपल्याकडच्या 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचा गाभाही हाच आहे, देहविक्री हा स्वतः गुन्हा नाही, दलाल आणि अड्डा चालवणारा गुन्हेगार. त्यामुळे 'परवानाधारक एजन्सी' हे धडधडीत खोटं आहे. या धंद्याचा असा परवाना पोलंडमध्ये कोणी देतच नाही. शेजारच्या जर्मनीत 2017 पासून नोंदणी आणि परवाना आहे, तिथून तो शब्द उचललेला असावा.

आणि मुसाफिर, तुझ्या मित्रांना माझं हे सांग. जाहिरातीतला फोन बहुतेक वेळा ती मुलगी उचलतच नाही, दुसराच कोणी उचलतो. दर तो ठरवतो, पत्ता तो देतो. एका प्रकरणात मी जिच्यासाठी भाषांतर केलं, तिला ती कोणत्या शहरात आहे हेच ठाऊक नव्हतं. पासपोर्ट दुसऱ्याकडे, 'प्रवासाचं कर्ज' फिटेपर्यंत सुट्टी नाही. मी तिला 'बस' म्हटलं, तर ती आधी दाराकडे बघायची, मग बसायची. चार तासांत प्रत्येक वेळी. 2022 नंतर युक्रेनमधून लाखो बायका-मुलं या देशात आली, तेव्हापासून सीमेवर आणि स्टेशनांवर सावध राहण्याचे फलक लागले ते उगाच नाहीत. सगळ्याच जणी अशा अडकलेल्या असतात असं मी म्हणत नाही, काही जणी स्वतः ठरवून हे काम करतात. पण चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला हा फरक ओळखता येत नाही. वयाचंही तसंच, आणि अठराच्या आतल्या मुलीला पैसे देणं इथे सरळ गुन्हा आहे. कुठेही कोणी धाकात वाटलं तर 112 ला फोन करा. इंग्रजीत बोललेलं चालतं, तुमचं नाव-गाव नंतर.

मुसाफिर_कोल्हापूर
दादा, ताई, मनापासून आभार. पण एक घोळ झालाय. मित्राने काल रात्रीच 150 युरोची गिफ्ट कार्डं पाठवली होती, आम्हाला न सांगता. आज त्याला मेसेज आलाय की आणखी 500 पाठव, नाहीतर हे चॅट तुझ्या होणाऱ्या बायकोला आणि ऑफिसला पाठवू. त्याची फेसबुकवरची सगळी माणसं त्यांनी नावानिशी लिहिलीत. पोरगा सकाळपासून जेवला नाहीये.

मीरा_ग्दान्स्क
त्याला आधी जेवायला घाल. मग हे आजच करा. एक पैसाही पाठवायचा नाही, दिलेत तर उद्या आकडा वाढेल. उत्तर द्यायचं नाही, घासाघीसही नाही. चॅट, नंबर, कार्डांच्या पावत्या यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यानंतरच ब्लॉक करा. गिफ्ट कार्डाच्या कंपनीला लगेच कळवा, कार्ड वापरलं गेलं नसेल तर कधी कधी गोठवता येतं. फेसबुकची मित्रयादी बंद करा. बर्लिन पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ती करा. खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, तुझा मित्र नाही.

बंदरवाला_दापोली
मीराताईंनी सांगितलं तेच. आणि होणाऱ्या बायकोला त्याने स्वतः सांगावं. धमकीचा निम्मा जोर तिथेच जातो.

शाहूपुरीची_शमा
मी सोपोतला दोनदा गेलेय, बाकीचं मी सांगते. क्लबपलीकडे खूप आहे तिथे. लाकडी धक्का, 'मोलो', पाचशे मीटरहून थोडा जास्त. संध्याकाळी जा, जुलैत नऊच्या पुढेही उजेड असतो. धक्क्याजवळचं 1927 चं ग्रँड हॉटेल बाहेरून तरी बघा. जंगलात 1909 पासूनचं उघडं नाट्यगृह आहे, 'ओपेरा लेश्ना', त्या आठवड्यात कार्यक्रम असला तर तिकीट आत्ताच काढा. समुद्राचं पाणी जुलैतही गार, आपल्या कोकणासारखं समजून धावत शिरू नका. तळलेला मासा खाताना पाटी नीट वाचा, दर शंभर ग्रॅमचा लिहितात आणि मासा अख्खा तोलतात, आमचं बिल त्यानेच फुगलं होतं. शाकाहारी कोणी असेल तर 'पिएरोगी रुस्कीए' सांगा, आत बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज असतं.

तू कोल्हापूरचा म्हणून आणखी एक. 1943 ते 1948 आपल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बायका आणि मुलंच जास्त. माझी आजी तिथल्या पोरींबरोबर खेळलेली. सोपोतला धक्क्यावर एका म्हाताऱ्या बाईंना मी 'कोल्हापूर' म्हटलं, तर त्या 'वलिवाडे!' म्हणाल्या आणि माझा हात धरून बाकावर बसल्या. त्यांची मोठी बहीण तिथे शाळेत होती. अर्धा तास मोबाईलवर भाषांतर करत बोललो.

मुसाफिर_कोल्हापूर
दोन दिवसांनी लिहितोय. एक कार्ड गोठवता आलं, 50 युरो परत मिळतील, 100 गेले. तक्रार केली. मित्राने तिला फोन करून सगळं सांगितलं. ती दोन तास बोलली नाही, मग तिनेच परत फोन केला. धमकीचे मेसेज एका नव्या नंबरवरून आले, आम्ही उत्तर दिलं नाही, कालपासून बंद आहेत.

तिकिटं रद्द केलेली नाहीत. शमाताई, तुमच्या आजीचा वळिवड्याचा फोटो असेल तर पाठवाल का? प्रिंट काढून सोबत नेतो.