निबंधाच्या वहीतली खाडाखोड: गुण कापायचे की द्यायचे?

तिरपी_रेघ

लेकीची सातवीची निबंधाची वही परवा हातात आली. विषय 'माझा आवडता ऋतू'. दोन ठिकाणी तिने ओळ खोडून वर नवी लिहिली होती, आणि नवी ओळ जुनीपेक्षा चांगली होती. खाली लाल शाईत शेरा: 'खाडाखोड टाळ. नीटनेटके लिही.' दहापैकी सहा. तिच्या मैत्रिणीला नऊ. तिने गाइडमधला पावसाळा जसाच्या तसा उतरवला होता. एकही काट नाही. काट येणार कुठून?

मी पोटासाठी भाषांतरं करते, शिक्षिका नाही. पण माझं स्वतःचं निम्मं काम खोडण्याचंच असतं, म्हणून चिडून वाचायला बसले. अमेरिकेत या विषयावर साठ वर्षं संशोधन चाललंय. १९७१ साली जॅनेट एमिग यांनी शिकागो भागातल्या बारावीच्या आठ मुलांना मोठ्याने बोलत लिहायला बसवलं. आधी मुद्दे, मग आराखडा, मग लेखन अशी जी सरळ पायऱ्यांची चाल पाठ्यपुस्तकं सांगतात, त्या चालीने मुलं लिहीतच नव्हती. १९८० मध्ये नॅन्सी सॉमर्स यांनी विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांची खाडाखोड शेजारी ठेवून पाहिली. विद्यार्थी शब्दाला शब्द बदलतात. मुरलेले लेखक आख्खा मुद्दा उचलून दुसरीकडे नेतात, नाहीतर फेकून देतात. म्हणजे मोठी खाडाखोड हीच लेखन येत असल्याची खूण. आणि आपण तिचेच गुण कापतो.

त्याआधी १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून लिहिलं होतं की नुसतं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही. उलट प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ त्यात जातो, म्हणून तोटाच होऊ शकतो. आपल्याकडे मात्र अजून प्रयोग ओळखा, समास सोडवा, आणि निबंध घरून पाठ करून या.

खडू_आणि_फळा

ताई, तुमचा राग कळतो. आता वर्गात या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातवीत त्रेचाळीस पोरं. एकेकाचे दोन-दोन कच्चे खर्डे तपासायचे म्हटलं तर शहाऐंशी वह्या, एका निबंधाच्या. पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहित्या भरणं वेगळंच.

पण माझा मुद्दा तो नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी 'पानी' म्हणतात, 'लोनी' म्हणतात. तुमच्या लेकीला 'पाणी' घरच्या नळालाच येतं. माझ्या पोराला ते शाळेतूनच भरून न्यावं लागतं. 'मोकळं लिही, चुकांचं नंतर बघू' हे त्याला सांगणं सोपं आहे. पण ते 'नंतर' कधी येतं? भरतीच्या अर्जाच्या वेळी. तिथे चूक बघणारा साहेब त्याचा विचार किती ताजा आहे ते बघत नाही.

आणि तुमच्या अमेरिकेतच हे कुणी म्हटलेलं नाही असं समजू नका. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १९८८ मध्ये नेमकं हेच मांडलं: सत्तेच्या भाषेचे नियम असतात, ज्यांच्या घरात ते नसतात त्यांना ते उघडपणे शिकवा. न शिकवता 'मुलं आपोआप शिकतील' म्हणणारे बहुधा ज्यांना ते आयते मिळाले तेच असतात.

अनुस्वार

+१ मास्तरांना. शिवाय इंग्रजीवरचं संशोधन मराठीला तसंच चिकटवू नये. 'विहीर'चं 'विहिरीत' होतं, 'गरीब'चं 'गरिबाला', पण 'शरीर'चं 'शरीरात'च राहतं. का? तर शरीर तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून. म्हणजे साधी वेलांटी लिहायची तर सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप) आणि तत्सम-तद्भव (तद्भव म्हणजे संस्कृतातून बदलून आलेला) माहीत हवं. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम घ्या, १९७२ ची भर घ्या, सगळे व्याकरणाच्याच पायावर उभे आहेत. व्याकरण काढून टाकलं तर पोरांनी दीर्घ की ऱ्हस्व हे नाणं उडवून ठरवायचं का?

तिरपी_रेघ

@अनुस्वार, उदाहरण बिनतोड आहे, मान्य. पण तुम्ही सांगताय ते शुद्धलेखन, मी बोलतेय ते लेखन. आपल्या भाषेत दोन्हींत 'लेखन' आहे म्हणून घोटाळा होतो. माझ्या लहानपणी 'रोज दहा ओळी शुद्धलेखन' म्हणजे पुस्तकातल्या ओळी बघून उतरवणं. वर्षभरात दोनेक हजार ओळी झाल्या असतील, त्यातली स्वतःची एकही नाही.

@खडू_आणि_फळा, नळाचं वाक्य लागलं मला. डेल्पिट वाचायला घेते. तरी एक सांगते. १९७९ मध्ये सोंड्रा पर्ल यांनी लिहिण्यात कच्च्या समजल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांना बोलत लिहायला लावलं. ती मुलं दर थोड्या शब्दांनी थांबून चुका शोधत होती. इतकी, की काय म्हणायचं होतं त्याचा धागाच तुटायचा. आणि इतकं करूनही चुका राहायच्याच. तुमचा 'पानी'वाला पोरगा चौथ्या शब्दाला ण की न म्हणून अडला, तर पाचवा शब्द येणार कसा?

हिशेबी_वाण्याचा_नातू

भावनेत कशाला जाता, आकडे आहेत ना. ग्रॅहम आणि पेरिन यांचा २००७ चा आढावा, चौथी ते बारावीच्या मुलांवरच्या प्रयोगांचा. ०.२ म्हणजे किरकोळ परिणाम, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असं धरा.

लेखनाची योजना कशी करायची, कसं तपासायचं, हे पायरीपायरीने उघड शिकवलं: ०.८२. मुलांनी जोडीने एकमेकांचं लेखन सुधारलं: ०.७५. छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याचा सराव: ०.५०. ताईंचा लाडका 'प्रक्रियेवर भर', म्हणजे खर्डा लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा: फक्त ०.३२. नमुने वाचून लिहिणं: ०.२५. सुटं व्याकरण: उणे ०.३२.

म्हणजे व्याकरणवाले हरले, पण 'मोकळं सोडा'वालेही फार जिंकले नाहीत. पहिल्या ओळीतला शब्द बघा: *उघड शिकवलं*. मास्तरही तेच म्हणतायत, फक्त व्याकरणाच्या नावाखाली. आणि गाइडला शिव्या घालणाऱ्यांनी ०.२५ कडे पण बघा, नमुना अगदीच निरुपयोगी नसतो. पाठ करणं निरुपयोगी.

साबुदाणा_वडा

आम्ही 'फाटलेल्या पुस्तकाचे मनोगत' पाठ केलं होतं. परीक्षेत 'तुटलेल्या खुर्चीचे मनोगत' आलं. खुर्चीची पानं फाटली, लोकांनी तिला रद्दीत विकलं. आठ गुण मिळाले. सरांनी वाचलं नसणार.

खडू_आणि_फळा

@साबुदाणा_वडा, सरांनी वाचलं होतं, त्यांना हसू येत होतं म्हणून आठ दिले असतील. मी दिले असते.

@हिशेबी, 'जोडीने सुधारणं' मी करून बघितलंय. दोन दिवस गोंधळ, तिसऱ्या दिवशी एक पोरगी दुसरीला म्हणाली, "तुझी आजी मेली हे तू शेवटी का सांगतेस? मला आधीपासून वाटत होतं ती हाय म्हणून." आजवर कुठल्या लाल शेऱ्याने हे सांगितलं नव्हतं. त्यात 'हाय' होतं, पण ते मी त्या दिवशी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नाही सोडलं. तिथून माघार नाही.

अनुस्वार

मग तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे, मास्तर?

खडू_आणि_फळा

दोन रंगांची शाई परवडते त्या बाजूचा: एक मुद्द्याला, एक चुकांना. मिना शॉनेसी नावाच्या बाई न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात होत्या. १९७० मध्ये तिथे सर्वांना प्रवेश खुला झाला आणि कधी फार लिहिलेलं नाही अशी मुलं वर्गात आली. बाईंनी त्यांचे हजारो निबंध वाचून दाखवलं की चुकांनाही तर्क असतो, पोरगं स्वतःचा एक नियम करून तो प्रामाणिकपणे पाळत असतं. माझा एक विद्यार्थी 'विहिरीत' बरोबर लिहितो आणि मग 'शरिरात' लिहितो. अनुस्वार, तुमच्या नियमाने ती चूक. पण त्याने तुमचाच नियम लावलाय ना?

अनुस्वार

लावलाय खरा. गुण मी तरी कापेन. पण शेजारी कारण लिहीन.

तिरपी_रेघ

लेकीच्या बाईंना वही घेऊन भेटायला जावं का, की त्यांना ते आवडणार नाही? मास्तर, तुम्हीच सांगा, पालक असं काही घेऊन आले तर तुम्हाला काय वाटतं?

खडू_आणि_फळा

आधी राग येतो. चहा विचारला तर जातो. आणि हो, त्या नऊवाल्या मैत्रिणीचं नाव काढू नका तिथे.