मदत हवी आहे: मधला 'प' म्हणायचा की सोडायचा?

सूक्ष्मदर्शी
गुरुवारी सेमिनार आहे. वीस मिनिटांत हा शब्द तीसेक वेळा तोंडात येणार. मधला 'प' म्हणायचा की सोडायचा? आमचे गाइड 'प' म्हणतात, पण बाहेरून येणारे परीक्षक म्हणत नाहीत. मागच्या वर्षी एका सीनियरला भर हॉलमध्ये थांबवून उच्चार सुधारायला लावला, त्यानंतर तिला धड बोलताच आलं नाही. प्लीज लवकर सांगा.

जुना_खडू
अहो, पण शब्द कोणता? स्पेलिंग द्या.

अवकाळी
डिक्शनरीचं ॲप घ्या, स्पीकरचं चिन्ह दाबा आणि दहा वेळा मागून म्हणा. मी 'हायपर्बली' अशीच शिकले. त्याआधी कितीतरी वर्षं 'हायपरबोल' म्हणत होते, कुणी टोकलं नाही.

सूक्ष्मदर्शी
ॲपॉप्टोसिस. ए-पी-ओ-पी-टी-ओ-एस-आय-एस. ताई, ॲपवर दोन्ही उच्चार आहेत, म्हणून तर इथे विचारलं.

पेशीपुराण
छान विषय! ॲपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं ठरल्याप्रमाणे मरणं. यात पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. नेक्रोसिसमध्ये, म्हणजे इजा होऊन पेशी मरते तेव्हा, ती फुगून फुटते, आजूबाजूला दाह होतो. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून, हे नक्की सांगा. सी. एलिगन्स या कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात. त्या कामाला २००२ चं नोबेल मिळालं.

सूक्ष्मदर्शी
सर, हे सगळं स्लाइडवर आहे. मला फक्त उच्चार हवाय.

जुना_खडू
'प' म्हणायचा नाही. हा शब्द रूढ केला केर, वायली आणि करी यांनी, १९७२ च्या ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमधल्या निबंधात. त्यांना तो सुचवला ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. तिथेच तळटीप आहे: शेवटचा अर्धा भाग 'टोसिस' असा म्हणावा, 'प' मूक. पापणी खाली पडते त्या विकाराचं नाव आहे ना, पी-टी-ओ-एस-आय-एस, तेच. ग्रीकमध्ये याचा अर्थ पाकळ्या किंवा पानं गळणं. आपली पानगळ!

गावाकडचा_पोस्टडॉक
काका, तळटीप मान्य, पण कारण पटत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला पी-टी आलं की 'प' पडतो, जसं टेरोडॅक्टिल. तेच शब्दाच्या पोटात आलं की 'प' ऐकू येतो. हेलिकॉप्टरमध्ये पंखवाचक तोच ग्रीक शब्द आहे, 'हेलिकोटर' कुणी म्हणतं का?

जुना_खडू
ज्यांनी बारसं केलं त्यांनी नाव कसं हाक मारायचं तेही लिहून ठेवलं. त्यांचं ऐकायला नको?

गावाकडचा_पोस्टडॉक
बारशानंतर नाव गावाचं होतं, काका. इथे जर्मनीत आमच्या लॅबमध्ये दोन्ही चालतात. 'प' म्हटला म्हणून कुणाला चूक ठरवू नका एवढंच म्हणतो.

अवकाळी
मराठीत 'नियोजित पेशीमृत्यू' म्हणा की, वादच मिटला.

सूक्ष्मदर्शी
ताई, सेमिनार इंग्रजीत आहे.

जुना_खडू
जाता जाता एक. आपल्या 'पतन'मधला 'पत्' आणि हा ग्रीक 'प्टोसिस' एकाच मुळातून आलेत. दोन्हीचा अर्थ पडणं. शिकवताना मी हे सांगायचो, मुलं शब्द विसरायची नाहीत.

गावाकडचा_पोस्टडॉक
हे मात्र शंभर टक्के! बरं, परीक्षक नेमकं कसं म्हणतात?

सूक्ष्मदर्शी
'ॲपटोसिस'. सगळा जोर पहिल्या 'ॲ'वर.

जुना_खडू
मग तेही तळटीपेप्रमाणे नाही. जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'टो'वर हवा. ॲ-पो-टो-सिस.

सूक्ष्मदर्शी
मग पहिल्याच स्लाइडवर ती तळटीप लावते आणि 'प' सोडून म्हणते. गाइडना उद्या सकाळी मूळ निबंध दाखवते. खूप आभार, काका.

पेशीपुराण
बोटांचं चित्र घ्यायला विसरू नका!