पेंड्युलम सर्व्हिसला नुसती बॅट लावली तरी बॉल बाहेर जातोय, साधा इलाज सांगा

रंकाळ्याचा_स्पिन
मंडळी जरा मदत करा. ऑफिस सुटलं की कोल्हापुरात राजारामपुरीत एका हॉलवर टेबल टेनिस खेळायला जातो, रॅली लागली की माझं बरं चालतं, पण आमच्यात एक काका आहेत, साठीच्या पुढचे, ते पळतच नाहीत कारण पळायची वेळच येत नाही, त्यांची सर्व्हिसच आमच्याकडून परत जात नाही. काका राइट हँडेड, बॅकहँडच्या कोपऱ्यात उभं राहून ती पेंड्युलम सर्व्हिस करतात, बॅटचं टोक खाली आणि मनगटाचा झटका त्यांच्या उजवीकडून डावीकडं. बॉल माझ्या बॅकहँडला येतो, मी नुसती बॅट लावली की माझ्या उजवीकडं टेबलाबाहेर. पुश केला, म्हणजे बॉल खालनं घासून हळू ढकलला, तर कधी नेटात, कधी असला वर उठतो की काका निवांत ठोकतात. ॲक्शन एकच दिसते आणि निकाल दरवेळी निराळा. यूट्यूबवर बघावं तर जो तो बनाना फ्लिक (बॅकहँडनं मनगट वळवून मारायचा झटका) शिकवतोय, ते आपल्याला झेपत नाही. मी पण राइट हँडेड, दोन्ही बाजूला साधं इनव्हर्टेड, म्हणजे गुळगुळीत रबर. काहीतरी खात्रीचं सांगा.

तालमीचा_टीटीवाला
भावा, आधी काकांची बॅट बघायला शीक, बॉल नंतर. बॅट ज्या बाजूनं आली त्या बाजूला मारायचं, संपला विषय. काकांची बॅट त्यांच्या उजवीकडून आली ना, मग तू त्यांच्या उजव्या हाताकडं मार, म्हणजे तुझ्या डावीकडं, सरळ लाइनवर. बॉल तुझ्या बॅटवर लागला की उजवीकडं सटकणारच, ते थांबवायच्या भानगडीत पडू नको, त्याचा हिशोब धरूनच निशाणा लाव. सुरुवातीला टेबलाच्या डाव्या काठाच्या बाहेर मारतोय असं वाटेल, मारून बघ, बॉल टेबलात येतोय. आणि काकांनी कधी उलटी केली, म्हणजे रिव्हर्स पेंड्युलम, बॅट डावीकडून उजवीकडं, तर तुझाही निशाणा उलटा. बॅकहँड सर्व्हिसला पण तेच. कुस्तीत कसं समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसलं की पट निघतो, तसंच आहे हे, हालचाल जिथनं सुरू होते तिथं नजर पाहिजे.

बावडा_बॅकहँड
वरचं बरोबर आहे पण अर्धंच आहे, आणि याचा घोळ राहिलेल्या अर्ध्यातच आहे. साइडस्पिननं, म्हणजे बॉल आडवा फिरला की, तो डावा-उजवा जातो, नेटात जाणं आणि वर उडणं हे साइडचं काम नव्हे. काका साइडमध्ये कधी बॅकस्पिन (बॉल मागं फिरणारा) मिसळतात कधी टॉपस्पिन (पुढं फिरणारा), म्हणून तुला एकाच ॲक्शनला वेगवेगळे निकाल मिळतात. पेंड्युलम म्हणजे झोका, बॅट आधी खाली येते आणि मग वर जाते, बॉल खाली येताना लागला तर साइड-बॅक, वर जाताना लागला तर साइड-टॉप, आणि त्यानंतर बॅट वर नेली खाली नेली खांद्यावर नेली ते सगळं नाटक, तिकडं बघायचंच नाही. फक्त टेकायच्या क्षणाला बॅटचं टोक कुठं चाललंय तेवढं बघ. तेही हुकलं तर टेबलावर पडल्यावर बघ, बॅकस्पिनवाला पडून जरा अडखळतो आणि बसका राहतो, टॉपवाला पुढं पळतो. बॉलवरचा शिक्का स्पष्ट दिसत असेल तर त्यात स्पिन फार नाही, घाबरू नको, सरळ मार.

आता महत्त्वाचं, बॉलला कुठं लावायचं. शुद्ध साइडस्पिनचा बॉल उभ्या अक्षावर फिरतो, भोवरा फिरतो तसा, म्हणजे वरचं आणि खालचं टोक जवळपास स्थिर आणि पोटाला सगळ्यात जास्त वेग. म्हणून हवेत तो वळतो, पण टेबलावर टप्पा पडताना फारसा बाजूला उडी मारत नाही, कारण टेबलाला त्याचं खालचं टोक टेकतं. तू मात्र बॅट उभी धरून बरोबर पोटालाच लावतोस म्हणजे त्याचा सगळा साइडस्पिन आपल्या अंगावर घेतोस. पुश करायचा तर बॅट उघडी करून बॉलच्या पार खाली जा आणि पातळ घासून पुढं काढ, लूप, म्हणजे टॉपस्पिन देऊन फटका, करायचा तर बॅट बंद करून वरच्या बाजूला घास, दोन्हीकडं साइड कमी लागतो. मिसळलेल्या सर्व्हिसला अक्ष तिरका असतो, तिथं इतकं स्वच्छ काम होत नाही, तरी मधोमध थापण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि हात ढिला सोडून नुसती बॅट धरू नको रे. बॉल जितका वेळ तुझ्या मेलेल्या बॅटवर राहणार तितका काकांचा स्पिन बोलणार. छोटा का होईना पण स्वतःचा झटका दे. बनाना फ्लिक एवढ्याचसाठी चालतो, चीनचा झांग जिके त्याच जोरावर सर्व्हिस अंगावर घेऊन पहिला हल्ला करायचा, आखूड बॉलवर सुद्धा. तुला तो लगेच नको, आधी वेगानं पुश जमव.

पाचगाव_लूपर
बॅकहँडला लाँग पिंपल्स, लांब दाण्यांचं रबर, लाव की मर्दा, साइड बिड काही कळणार नाही 😄 आपली भारताची मनिका बत्रा खेळतेच की.

बावडा_बॅकहँड
@पाचगाव_लूपर ती त्या रबरनं खेळते, पण त्यामागं वर्षानुवर्षांचा सराव आहे. याला आधी स्पिन ओळखू दे. नाहीतर काका पिंपल्सवर बिनस्पिनचा बॉल टाकतील आणि हा रबर बदलून परत इथंच येईल विचारायला.

रंकाळ्याचा_स्पिन
लई भारी माहिती, धन्यवाद. परवा लाइनवर मारून बघितलं, बॉल टेबलात यायला लागला, काकांनी एकदा वळून बघितलं पण 😄 साइड-बॅकवाला अजून फसवतोय. आणखी दोन शंका. एक, आमच्यात एक डावखुरा पोरगा पण आहे, त्याला सगळं उलटं का? दुसरं, सध्या पावसानं हॉल इतका दमट झालाय की पुश करताना बॉल रबरवरनं घसरतोय, हे माझंच होतंय का?

तालमीचा_टीटीवाला
डावखुऱ्याला पण नियम तोच, बॅट जिकडून आली तिकडं मार. त्याची बॅट त्याच्या डावीकडून येणार, म्हणजे तुझ्या उजवीकडं निशाणा. फरक एवढाच की त्याची पेंड्युलम हवेत तुझ्या फोरहँडच्या बाहेर वळते, लांब टाकली तर टेबलाच्या पार बाजूला नेते, तर जरा फोरहँडकडं सरकून उभा राहा. आखूड आली तर उजवा पाय टेबलाखाली घाल, नुसता हात लांब करून पोहोचायला गेलास की बॅटचा कोन बिघडला म्हणून समज. दमट हवेचं म्हणशील तर जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सगळ्यांचंच तसं होतंय, रबरला ओलसर हवा लागली की ग्रिप जाते आणि बॉल मेल्यासारखा नेटात पडतो. सुती रुमाल ठेव आणि मध्येमध्ये रबर पूस, बॉल पण पूस.

पंच_गिरी
एक राहिलं. तुमचे काका टॉस केल्यावर डावा हात बॉलपुढंच ठेवतात का ते बघा, जुन्या लोकांना ती सवय असते. पूर्वी चालायचं, 2002 पासून चालत नाही, टॉस झाला की मोकळा हात बॉल आणि नेटच्या मधून लगेच काढायचा आणि बॅट लागताना बॉल समोरच्याला दिसायलाच पाहिजे. टॉस पण उघड्या तळहातावरनं किमान 16 सेंटीमीटर, जवळपास सरळ वर. मॅचमध्ये पंचाला शंका आली तर पहिल्यांदा लेट (पॉइंट न मोजता सर्व्हिस परत) देऊन समज देतो, नंतर पॉइंट जातो. हॉलवर पंच कुठनं आणणार, काकांना नीट सांगा, काका टेकताना दिसत नाही हो. बॅटच दिसली नाही तर वरच्या दोघांनी एवढं टाइप केलेलं सगळं वाया.

रंकाळ्याचा_स्पिन
@पंच_गिरी व्हय, हात पुढंच असतोय त्यांचा!! मला वाटायचं ती स्टाइल आहे. उद्या बोलतो, पण आधी त्यांना चहा पाजून मग.