कथेच्या गेमसाठी व्हीआर की साधा स्क्रीन?

प्रश्न: गाव दर्यापूरजवळ. पीसीत जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (६ जीबी), १६ जीबी रॅम. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ या व्हीआर (आभासी जगातल्या) गेमसाठी क्वेस्ट हा डोळ्यांवर लावायचा हेडसेट घ्यावा का?

उत्तर १: भाऊ, २०२० च्या या गेमची किमान अट हेच कार्ड अन् १२ जीबी रॅम. ग्राफिक्स लो ठेवा. बंदुकीत मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) हातानं भरायचं, ड्रॉवर ओढून पाहायचे. स्क्रीनवर ते नाहीच. पीसी राऊटरला लॅन केबलनं जोडा, हेडसेट राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर. नाहीतर चित्र अडखळतं अन् मळमळतं. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या.

उत्तर २: लांब संवादांचे गेम मात्र स्क्रीनवरच बरे. हेडसेटची बॅटरी दोनेक तासांची, त्यात मे महिन्याचा घाम.

उत्तर ३: लेन्सवर ऊन नकोच! कवेलूच्या फटीतली तिरीपही एका बिंदूवर येऊन आतला डिस्प्ले जाळते.