कर्वे रोडने रोज सायकल: दंड, बस आणि मोटरचा किट

कोथरूड_डेपो
पुण्यात कोथरूड डेपो ते डेक्कन, सकाळी नऊला जायचं आणि संध्याकाळी सातनंतर परत. तीन शंका आहेत. सिग्नल तोडला तर सायकलवाल्याला दंड होतो का? पीएमपीची बस ओलांडायची तर कुठून? आणि साध्या सायकलला मोटरचा किट बसवला तर लायसन्स लागतं का? हेल्मेट आहे, दिवे अजून घेतले नाहीत.

कलमबहाद्दर
ई-चलान फाटतं ते गाडीच्या नंबरावर. सायकलला नंबरच नाही, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधल्या व्याख्येत ती बसत नाही. त्यामुळे सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं यासाठीचं कलम १८४ तुम्हाला लागत नाही. पण म्हणून सायकलला सगळं माफ, असं धरून चालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये शब्द 'वाहन' आहे, 'मोटार वाहन' नव्हे. बेदरकारपणे चालवून कुणाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा फटका भरपाईत बसतो. लाल दिव्यात घुसलेल्या सायकलला गाडीने उडवलं, तर मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण सायकलवाल्याचाही दोष मोजू शकतं आणि रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा वाट बघत बसू नका. धडक देणारा पळाला आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच. 'जाऊ दे, खरचटलंय' म्हणून घरी गेलात की संपलं.

किटचं: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मॉडेल मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेलं, तरच ती मोटार वाहन ठरत नाही. (अशी तपासणी करणारी संस्था एआरएआय आपल्या कोथरूडच्याच टेकडीवर आहे.) बाजारात ३५० वॅटचे किट सर्रास मिळतात. ते लावलं की रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलचं रजिस्ट्रेशन होणार कसं, हा वेगळाच घोळ.

डबल_बेल
बसचं सांगतो. स्टॉपवर शिरताना ड्रायव्हर डावा आरसा बघतो. डबल बेल पडली की त्याची नजर उजव्या आरशात, कारण त्याला मागून येणाऱ्या गाड्यांत घुसायचं असतं. त्या क्षणी बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीत तुम्ही असलात तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच. डावीकडून कधीच नको. उजवीकडून जायचं तर बस पूर्ण थांबलेली असताना आणि मागे वळून पाहूनच. इंडिकेटर लागला असेल तर मागेच थांबा.

बस डावीकडे वळते तेव्हा तोंड आधी उजवीकडे जातं. जागा झाली असं वाटून सायकलवाला आत शिरतो. पण मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने येत नाही, ते आत कापत येतं. डंपर, टँकरचंही तेच. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही.

कोथरूड_डेपो
मग अगदी कडेने चालवावी का?

ओला_रिम
नाही. कडेला गटारांच्या जाळ्या, वाळू आणि उघडणारी कारची दारं. पार्क केलेल्या गाड्यांपासून निदान एक मीटर अंतर ठेवा. रिक्षाला दार नाही, पण हात दिसला की ती जागच्या जागी थांबते. तिच्या मागे चिकटू नका. आणि कारवाल्यांनो, दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं.

दिवे: पुढे पांढरा, स्थिर, २०० ते ४०० ल्युमेन (उजेडाचं माप), झोत रस्त्यावर पडेल असा खाली झुकवून. समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो तुम्हाला नीट बघूच शकत नाही. मागचा लाल सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) बांधा, सॅकवर नको. सॅक कलली की दिवा आभाळाकडे. बटण सेलवाले स्वस्त दिवे हळूहळू मंद होतात आणि चालवणाऱ्याला ते कळत नाही, त्यापेक्षा चार्जिंगचा घ्या. पेडलचे रिफ्लेक्टर काढू नका. वरखाली हलणारा ठिपका बघून मागच्याला लांबूनच कळतं की सायकल आहे.

पावसात रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारा) आधी पाणी पुसतो, मग धरतो. म्हणून नेहमीपेक्षा लवकर, हलकेच दाबायला लागा. ओल्या झेब्रा पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर तर ब्रेकही नको आणि वळणंही नको, सायकल सरळ जाऊ द्या.