मदत हवी आहे: फुटीतल्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या) 'मार्क'ला मराठीत काय म्हणावं?

मेलबर्नमधल्या आमच्या मराठी वर्गातल्या ८-१० वर्षांच्या मुलांना १९७०ची कार्लटन आणि कॉलिंगवूड या संघांमधली फुटीची ग्रँड फायनल मराठीतून सांगायची आहे. एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर) १,२१,६९६ प्रेक्षक, मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे, आणि शेवटी कार्लटन १११-१०१ने विजयी! गोष्ट जमलीय, अडलंय दोन शब्दांपाशी.

पहिला 'मार्क', म्हणजे किक मारलेला चेंडू हवेतच पकडणं. कार्लटनच्या जेझॉलेंकोने कॉलिंगवूडच्या ग्रेम जेन्किनच्या खांद्यांवर चढून घेतला तो. 'झेल' म्हटलं की मुलं लगेच विचारतात, "मग आउट कोण झालं?" 'उंच झेल' करून पाहिलं, पण झेलणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते, हे त्यात येत नाही.

दुसरा 'बिहाइंड'. उंच खांब आणि बाजूचा बुटका खांब यांच्यामधून चेंडू गेला की मिळणारा एक गुण (गोलचे सहा). हा शब्द हवाच, कारण कॉलिंगवूडचे १४ गोल, १७ बिहाइंड आणि कार्लटनचे १७ गोल, ९ बिहाइंड, हे फळ्यावर मांडायचंय. 'हुकलेला गोल' म्हटलं तर गुणच मिळत नाही असं वाटतं.

इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे नाहीत, ते मुलांना येतातच. गोष्ट सांगताना तोंडात सहज बसतील असे शब्द कोणते?