मदत हवी आहे : चोपण जमिनीतील वैरण आणि म्हशींच्या रक्तातील तांबे

नमस्कार. कृष्णाकाठची आमची चोपण (जादा सोडियममुळे बिघडलेली, विम्लधर्मी म्हणजे अल्कलीयुक्त) जमीन जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) व प्रेसमड (साखर कारखान्यातील मळी) घालून सुधारली असून तिथे आता नेपियर आणि लसूणघास उत्तम येतो. मात्र त्याच वैरणीवरील म्हशींचे हिमोग्लोबिन कमी भरते आहे, शेणतपासणीत जंत आढळलेले नाहीत आणि डोळ्यांभोवतीचे काळे केस करडे पडू लागले आहेत, त्यामुळे मला तांब्याच्या कमतरतेची शंका येते. विम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम पिकाला सहज मिळते, जिप्सममधून गंधक वाढते, आणि ही दोन्ही द्रव्ये जनावराच्या पोटात तांब्याला बांधून ठेवतात. म्हणजे वैरणीत तांबे पुरेसे असूनही ते रक्तात पोहोचत नाही.

यकृतातील साठा संपत येईपर्यंत रक्तातील तांबे फारसे घटत नाही, मग केवळ रक्ततपासणीवर विसंबावे का? वैरणीतील तांबे, मॉलिब्डेनम, गंधक आणि लोह एकत्र तपासून देणारी प्रयोगशाळा कोणास माहीत आहे का? शेतात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्यापेक्षा खनिज मिश्रणातून मोजून तांबे देणे मला सुरक्षित वाटते, कारण याच रानात मेंढ्याही चरतात आणि त्यांना जादा तांबे जिवावर बेतते. पशुवैद्यकांनी व अनुभवी पशुपालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.